उजवीकडून दुसरा

आपण उभ्या आयुष्यात एकही चुकीचा दात काढला नाही, ही गोष्ट डॉक्टर बँकेच्या रांगेत, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला, आणि एकदा तर सांत्वनाला गेलेल्या घरीसुद्धा सांगून आले होते. दवाखान्यात त्यांच्या खुर्चीमागे एक लाकडी पाटी असायची, ‘दुखेल तोच काढू’. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची विकली, दिवे विकले, हत्यारं एका होतकरू डॉक्टरणीला देऊन टाकली. पाटी मात्र घरी आणली आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर खिळा ठोकून लावली.

“अहो, आपल्याकडे माणसं गप्पा मारायला येतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ती पाटी वाचून तोंड मिटून बसतील.”

पण पाटी राहिली. निवृत्तीनंतर घरात डॉक्टरांच्या मनासारखं जे थोडंफार झालं, त्यात ही पाटी धरायला हरकत नाही. बाकी कशालाही हात लावायला गेलं की एकच वाक्य ऐकू यायचं. दिवा बदलायला स्टुलावर चढले, “राहू द्या, वायरमन येईल.” नळाचा वॉशर घेऊन बसले, “राहू द्या, प्लंबर येईल.” ज्या हातांनी लोकांच्या जबड्यात खोल रुतलेल्या दाढा अलगद उपटल्या, ते हात आता दिवसभर वर्तमानपत्र धरून बसत. डॉक्टरांना याचं मनातून फार वाईट वाटायचं. ते कुणाला सांगत नसत, फक्त वर्तमानपत्राची घडी जरा जोरात घालत.

तर त्यांच्या न चुकण्यामागे काही जादू नव्हती, एक नियम होता. दात काढायच्या आधी डॉक्टर मोठ्याने विचारायचे, “सिस्टर, कुठला?” सिस्टर केसपेपर बघून सांगायची. मग डॉक्टर स्वतः तोच शब्द म्हणायचे. आणि शेवटी रोग्याने त्या दातावर स्वतःचं बोट ठेवायचं. हे सगळं भूल द्यायच्या आधी, कारण एकदा गाल बधिर झाला की माणसाला स्वतःचं तोंडही परकं वाटतं. तीन साक्षी जुळल्याशिवाय डॉक्टर चिमटा उचलत नसत.

दुसरीही एक सवय होती आणि तिने घरात बरेच घोटाळे केले होते. दातांच्या डॉक्टरचं उजवं-डावं हे रोग्याचं उजवं-डावं असतं. रोगी समोर आ करून बसलेला, त्याचा उजवा जबडा येतो डॉक्टरांच्या डाव्या हाताला. ही सवय डॉक्टरांच्या इतकी अंगात भिनली होती, की दवाखान्याबाहेरही समोरची प्रत्येक गोष्ट त्यांना आपल्याकडे तोंड करून बसलेली वाटायची. मागे एकदा झोपायच्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं, “उजवी भिंत हिरवी कर.” खोली आपल्याकडे तोंड करून आहे, हे रंगाऱ्याला बिचाऱ्याला कुठून कळणार? त्याने आपल्या उजव्या हाताची भिंत हिरवीगार करून टाकली. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी घरात कायदाच केला.

“या घरात आता कुणी आ करून बसलेलं नाही. बघणाऱ्याचं उजवं ते उजवं. पुन्हा सांगायला लावू नका.”

डॉक्टरांनी मान हलवली. ते कायदा पाळायचे, पण आठवेल तेव्हा.

आता पेटाऱ्याविषयी. पेटारा हे नाव डॉक्टरीणबाईंनी ठेवलेलं. त्यांची मुलगी ठकू (पाळण्यातलं नाव बारशापुरतंच, तेव्हापासून ती ठकूच) संगणकाच्या कामात होती आणि रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहत होती. तिने हा काळा चौकोनी सर्व्हर आणून चपलांच्या कपाटावर बसवून दिला होता. समोरून चार उभे खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क, प्रत्येकीवर एक हिरवा दिवा. घरातले सगळे फोटो त्यात, आणि टीव्ही रिकामा असला की ते फोटो आपोआप एकामागून एक पडद्यावर येत राहायचे. डॉक्टरीणबाई मटार सोलता सोलता बघत बसायच्या.

“समज, चार बहिणी आहेत,” ठकूने आईला समजावलं होतं. “चौघींनी मिळून घराची एकच गोष्ट लक्षात ठेवलीय. एकीची वाचा गेली तर उरलेल्या तिघी जुळवून जुळवून पूर्ण गोष्ट सांगू शकतात. पण दोघींची गेली, की संपलं. मग उरलेल्या दोघी कितीही बोलल्या तरी काही अर्थ लागत नाही.”

डॉक्टरीणबाईंना हे पटलं होतं, कारण त्यांना स्वतःला तीन बहिणी होत्या.

त्या पेटाऱ्यात त्यांचं एक अख्खं वर्ष होतं. घरातले सगळे जुने अल्बम त्यांनी एकेक फोटो सोडवून, पुसून स्कॅन केले होते. ते काम संपलं आणि थोड्याच दिवसांत वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. माळ्यावरचे अल्बम भिजून त्यांचा असा लगदा झाला, की पानं सुटी करायला गेलं तर माणसांचे चेहरे हाताला चिकटून यायचे. म्हणजे आता जे होतं ते पेटाऱ्यातच होतं. ठकूने बजावून एक वेगळी डिस्कही दिली होती, दर महिन्याला सगळ्याची एक जादा प्रत काढून ठेवायला. डॉक्टरीणबाईंनी ती मूळ खोक्यासकट पाहुण्यांच्या चादरींखाली जपून ठेवली होती. नवी कोरी वस्तू, उगाच कशाला वापरून खराब करायची?

एका सकाळी पेटारा टीं टीं करू लागला. डॉक्टरीणबाईंनी फ्रिजचं दार दाबून पाहिलं, डॉक्टरांनी स्वतःचं श्रवणयंत्र काढून पाहिलं, शेवटी आवाजाचा माग चपलांच्या कपाटापर्यंत गेला. तीन दिवे हिरवे होते आणि एक लालभडक. डॉक्टरांनी ठकूला फोन लावला.

“घाबरू नका बाबा,” ती म्हणाली. मागे लोकांची वर्दळ ऐकू येत होती, ती ऑफिसच्या जिन्यात उभी असावी. “एक डिस्क गेलीय. अजून तिघी आहेत. लाल दिवा कुठल्या खणात आहे?”

डॉक्टर पेटाऱ्यासमोर वाकले. पेटारा त्यांच्याकडे तोंड करून बसला होता.

“उजवीकडून दुसरा,” ते म्हणाले.

“बरं. मी मापाचा मेसेज पाठवते, दुकानातून तशीच नवी डिस्क आणून ठेवा. रविवारी येते, मी बसवते. तोवर पेटाऱ्याला कुणी हात लावू नका.”

“अगं, त्यात काय आहे? खणातून जुनी ओढायची, नवी ढकलायची. मी बसवतो की.”

“राहू द्या बाबा,” ठकू म्हणाली. “मी येते ना.”

फोन ठेवल्यावर डॉक्टर काही वेळ लाल दिव्याकडे बघत उभे राहिले. वायरमन, प्लंबर यांचं एक वेळ ठीक होतं. पण किडलेली वस्तू तिच्या जागेवरून काढून तिथे चांगली बसवणं, हे काम सोडून त्यांनी जन्मभर दुसरं केलं काय होतं? आणि त्यांची स्वतःची मुलगी त्यांना राहू द्या म्हणत होती.

दुकान गल्लीच्या टोकाला एका जिन्याखाली होतं. काउंटरमागे वायरींच्या गुंत्यात बसलेला दुकानदार एका गालावर हात ठेवून होता. डॉक्टरांनी मेसेज दाखवला. दुकानदाराने डिस्क काढून दिली आणि चष्म्यावरून पाहिलं.

“काका, बसवायला माणूस पाठवू का?”

“मला येतं,” डॉक्टर म्हणाले. “तुमची खालची दाढ आहे ना? अक्कलदाढेच्या पुढची. गार पाण्याने कळ येते, गरमाने नाही. या आठवड्यात दाखवून टाका.”

दुकानदाराचा हात गालावरून खाली आला. डॉक्टर पिशवी छातीशी धरून तरातरा घरी निघाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चालण्यात असा तोरा होता.

रविवारपर्यंत ते थांबले असते, असं आपण त्यांच्या बाजूने म्हणू या. पण शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, “हे टीं टीं ऐकून माझं डोकं उठलंय,” आणि डॉक्टरांना तेवढं निमित्त पुरलं. हात तर तीन दिवसांपासून शिवशिवत होते.

“करूनच टाकू,” ते म्हणाले. “ठकू उद्या येईल तेव्हा तिला आयतं तयार. तू फक्त टॉर्च धर.”

“तिने हात लावू नका म्हटलंय.”

“तिला काळजी वाटते म्हणून म्हणते. हे माझं काम आहे गं.”

शेवटचं वाक्य त्यांनी अशा काही आवाजात म्हटलं, की डॉक्टरीणबाई मुकाट्याने टॉर्च शोधायला गेल्या. गेले कित्येक महिने नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

तयारी बघण्यासारखी होती. डॉक्टरांनी आधी पेटारा रीतसर बंद केला. चारही दिवे विझले, टीं टीं थांबलं. मग तो उचलून जेवणाच्या टेबलावर आणला, खाली धुतलेली पांढरी चादर, बाजूला स्टीलचं ताट, ताटात पेचकस आणि कापूस. कापूस कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. मग चष्मा नाकावर नीट बसवून ते पेटाऱ्यासमोर उभे राहिले, आणि जुन्या सवयीने तोंडातून शब्द गेले.

“सिस्टर, कुठला?”

“मला काय विचारता?” डॉक्टरीणबाई टॉर्च धरून म्हणाल्या. “तुम्हीच म्हणालात ना ठकूला, उजवीकडून दुसरा.”

“उजवीकडून दुसरा,” डॉक्टरांनी म्हटलं. दोन साक्षी झाल्या. तिसरीचा त्या गडबडीत विसर पडला.

त्यांचा हात पुढे गेला आणि क्षणभर थबकला. उजवीकडून दुसरा. त्यांना रंगारी आठवला, हिरवी भिंत आठवली, बायकोचा कायदा आठवला. ती समोरच टॉर्च धरून उभी होती. बघणाऱ्याचं उजवं ते उजवं. शहाण्या माणसासारखा त्यांनी आपला उजवा हात पाहिला, त्या बाजूने दोन मोजले, खटका दाबला आणि डिस्क अलगद बाहेर ओढली. जराही खळखळ न करता ती आली. ताटात ठेवताना टण्ण असा आवाज झाला आणि त्या आवाजाने डॉक्टरांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहून भुवया उडवल्या.

“दुखलं का विचारा आता त्याला,” त्या म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

नवी डिस्क खणात बसली. पेटारा परत कपाटावर गेला, वायरी जोडल्या, डॉक्टरांनी बटण दाबलं. दोघं कमरेवर हात ठेवून दिवे लागायची वाट बघत उभे राहिले. पहिला हिरवा लागला. डावीकडून दुसरा लाल. तिसरा, नव्या डिस्कचा, नुसता पिवळा लुकलुकत राहिला. चौथा हिरवा. मग टीं टीं सुरू झालं, आणि ते आधीसारखं थांबून थांबून नव्हतं, सलग होतं. टीव्हीवर काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की फोटो सापडत नाहीत.

“हा लाल कसा काय?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लाल तर तुम्ही काढलात ना?”

डॉक्टर पेटाऱ्याजवळ वाकले. ते लाल दिव्याकडे बघत होते. तो त्यांच्या डाव्या हाताला होता. म्हणजे पेटाऱ्याच्या उजव्या. त्या सकाळी ठकूशी फोनवर बोलताना ते डॉक्टर होते आणि त्यांनी रोग्याचं उजवं सांगितलं होतं. आज टेबलापाशी ते नवरा होते आणि त्यांनी बघणाऱ्याचं उजवं धरलं होतं. दोन्ही वेळा अगदी नियमाने वागले होते. फक्त रोग्याने बोट ठेवायचं राहिलं होतं. बोट म्हणजे तो लाल दिवा, आणि तो तर त्यांनी भूल देऊन आधीच विझवला होता.

ताटात कापसाशेजारी एक धडधाकट डिस्क पडली होती. दोघींची वाचा गेली की संपलं, असं ठकू म्हणाली होती.

इथे त्यांच्या मनात जे आलं ते सांगायला हवं. त्यांच्या मनात आलं, की नवी डिस्कच खराब निघाली असं म्हणावं. दुकानदाराकडे जावं, चार शब्द सुनवावेत. कुणाला कळणार होतं? गालाला हात लावून बसलेला माणूस, तो काय वाद घालणार. हे सगळं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसली होती. टॉर्च अजून हातात चालूच होता.

“माझ्या आईचे सगळे फोटो त्यात आहेत हो,” ती हळूच म्हणाली. “दुसरीकडे कुठे नाहीत.”

“मी चुकीचा काढला,” डॉक्टर म्हणाले.

असं वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. ते कसं म्हणतात, हेही त्यांना माहीत नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. “चांगला होता तो काढला मी. खराब आतच आहे.”

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी टॉर्च बंद केला, उठल्या आणि फोन आणून डॉक्टरांच्या हातात दिला.

“तिला सांगा. आत्ता.”

ठकूने सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर डोळे मिटून उभे होते, जणू सुई त्यांनाच टोचायची होती.

“बाबा,” शेवटी ती म्हणाली, “उजवीकडून म्हणजे कुणाच्या उजवीकडून?”

“पेटाऱ्याच्या,” डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. “त्या दिवशी पेटाऱ्याच्या. आज माझ्या.”

पलीकडून एक विचित्र आवाज आला. ती रडते आहे की हसते आहे, हे डॉक्टरांना कळेना.

“मीच विचारायला हवं होतं,” ठकू म्हणाली. “तुमची मुलगी असून विसरले. आता नीट ऐका. डिस्क काढताना पेटारा बंद होता ना?”

“रीतसर बंद केला होता.”

“आणि काढलेली डिस्क पडली-बिडली नाही? पाणी नाही, काही नाही?”

“ताटात आहे. कापसाजवळ.”

“कापूस कशाला?” ठकू म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलू लागली. “असू दे. मग तिला काही झालेलं नसणार. तिची वाचा गेलेली नाही, तिला फक्त खोलीबाहेर काढलंय. पेटारा पुन्हा बंद करा. नवी बाहेर काढा. चांगली जिथून काढली, त्याच खणात परत ठेवा. खराब असलेली काढून टाका, तो खण रिकामा राहू दे. मग चालू करा. आणि बाबा, उजवं-डावं म्हणू नका. प्रत्येक डिस्कवर बोट ठेवा आणि आईला दाखवा.”

डॉक्टरांनी सगळं तसंच केलं. पेटारा विझवायच्या आधी त्यांनी लाल दिव्यावर बोट ठेवलं, डॉक्टरीणबाईंनीही ठेवलं, आणि त्या खणावर डॉक्टरांनी ताटातल्या कापसाचा बोळा चिकटपट्टीने चिकटवला. त्या कापसाचा एवढा तरी उपयोग झाला. डिस्क त्यांनी दोन्ही हातांनी धरून जागेवर ढकलली. तोंडातून निघालेला दात पुन्हा जागेवर बसवायची वेळ त्यांच्यावर पूर्वी कधी आली नव्हती असं नाही, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांमुळे आली होती. पण ते दात त्यांनी पाडलेले नव्हते.

पेटारा घरघरला. एक हिरवा. कापसाचा खण रिकामा. मग दुसरा हिरवा. मग बराच वेळ काही नाही, आणि डॉक्टरांनी बायकोचा हात कधी धरला ते त्यांनाही कळलं नाही. मग तिसरा हिरवा लागला. टीव्हीचा काळा पडदा उजळला आणि त्यावर डॉक्टरीणबाईंची आई आली, एका बागेतल्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली, फोटोवाल्यावर चिडल्यासारखी.

“आली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. दोघांचा जीव भांड्यात पडला.

नवी डिस्क कापसाच्या खणात बसवली आणि ठकूच्या सांगण्यावरून पेटारा कामाला लागला. तिघी बहिणींनी चौथ्या नवखीला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, ते काम उद्यापर्यंत चालणार होतं. डॉक्टर दिवसभर खुर्ची टाकून पेटाऱ्याशेजारी बसले. मध्येच ते त्याच्यावर हात ठेवून गरम किती आहे ते बघायचे. संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर टीव्हीच्या वरची जागा मोकळी होती. पाटी काढून डॉक्टरांनी कपाटामागे तोंड फिरवून ठेवली होती. त्यांना फार वाईट वाटलं.

रविवारी दुपारी ठकू आली. बूट काढता काढता तिने पेटाऱ्याकडे पाहिलं. चारही दिवे हिरवे होते.

“छान बसवलीय की,” ती म्हणाली.

“दुसऱ्या खेपेला,” डॉक्टर म्हणाले.

ती हात-तोंड धुऊन आली, बैठकीत बसली, आणि तिला भिंतीवरचा रिकामा खिळा दिसला. तिने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच कपाटाकडे खुणावलं.

“बाबा, पाटी का काढली?”

“आता ती खोटी झाली. उभ्या हयातीत एकही चुकला नाही म्हणून सांगत फिरायचो. पेटारा काय न् जबडा काय, चूक ती चूकच.” डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पण या वेळी जोर नव्हता. “तू राहू द्या म्हणाली होतीस, तेच बरोबर होतं.”

ठकू टीव्हीकडे वळली. टीव्हीवर फोटो येत-जात होते. मग तिने रिमोट घेतला आणि भराभर मागे जाऊ लागली. कॉलेज गेलं, शाळा गेली, वेण्या आखूड होत गेल्या. शेवटी एका फोटोवर ती थांबली.

तो डॉक्टरांचा सगळ्यात आवडता फोटो होता. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर सहा वर्षांची ठकू, तोंड भरून हसणारी, खालच्या दातांत एक खिंड, आणि तळहातावर तिचा काढलेला दुधाचा दात. तिचा पहिला दात डॉक्टरांनी स्वतः काढला होता, घरीच, कारण दवाखान्याला ती घाबरायची.

“हा फोटो नीट बघा,” ठकू म्हणाली.

“हजारदा बघितलाय. किती हसतेस त्यात.”

“हसणं नका बघू. डॉक्टरसारखं बघा.”

डॉक्टरांनी चष्मा वर केला, उठून टीव्हीजवळ गेले आणि वाकले. खालचे पुढचे दोन दात. एकाच्या जागी खिंड. आणि तिच्या शेजारचा दुसरा, अर्धवट उघड्या राहिलेल्या ड्रॉवरसारखा बाहेर आलेला, नुसत्या जिभेच्या धक्क्याने पडेल इतका सैल. खिंडीच्या कडा मात्र लालबुंद होत्या. तो दात पडायला आलाच नव्हता.

डॉक्टर तसेच वाकून उभे राहिले.

“हलत होता तो हा होता,” ठकू म्हणाली. “मी ‘हा’ म्हणून बोट ठेवलं, पण तुम्ही तेव्हा चिमटा पुसत होतात, म्हणून तोंडाने ‘उजवा’ म्हटलं. मग मी स्टुलावर, तुम्ही माझ्या मागे उभे, माझं डोकं छातीशी धरून. तिथून तुमचं उजवं तेच माझं उजवं. पण तुम्ही दवाखान्यातल्यासारखं उलटं धरलंत.”

“तू ओरडली का नाहीस?”

“तुमचे हात थरथरत होते. कुणाचे दात काढताना तुम्ही घाबरत नसाल, पण माझ्या वेळी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग दात माझ्या हातावर ठेवून तुम्ही विचारलंत, दुखला नाही ना? मी नाही म्हटलं, तर तुम्ही मला उचलून घरभर नाचलात. त्यानंतर कसं सांगणार? दोन दिवसांनी दुसरा मी शाळेत मधल्या सुट्टीत काढला आणि दप्तरात लपवला.”

“आणि हिला?” डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

“मला त्याच रात्री माहीत होतं,” डॉक्टरीणबाई मटाराची शेंग फोडत म्हणाल्या. “तिच्या दप्तरातला दात तर मीच काढून ठेवला. म्हटलं, जाऊ दे, एवढी मोठी पाटी लावून बसलेत.”

म्हणजे इतकी वर्षं बँकेच्या रांगेत, जिन्यात, सांत्वनाच्या घरी ते जे सांगत होते, ते या घरात सगळ्यांना खोटं असल्याचं माहीत होतं, एक दातांचा डॉक्टर सोडून. आणि दोघींनी आजवर ब्र काढला नव्हता. डॉक्टरांना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे त्यांना ठसका लागला. ठकूने पाणी आणून दिलं.

ते पाणी पिऊन झाल्यावर डॉक्टर बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. काल त्यांच्या हातून हाच फोटो जाणार होता.

“खूप दुखलं का गं?” त्यांनी विचारलं.

“दुखलं,” ठकू म्हणाली. “थोडं.”

डॉक्टरांनी खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं, चष्मा पुसला आणि नीट नाकावर बसवला. मग बायकोकडे हात केला. डॉक्टरीणबाईंनी न विचारता टॉर्च आणून त्यांच्या हातात दिला. येताना पाहुण्यांच्या चादरींखालून त्यांनी एक कोरं खोकंही आणलं होतं, ते गुपचूप ठकूच्या मांडीवर ठेवलं.

“खिडकीकडे तोंड कर,” डॉक्टर मुलीला म्हणाले. “आणि आधी कुठला होता त्याच्यावर स्वतःचं बोट ठेव. मग आ कर बघू.”

ठकूने बोट ठेवलं आणि आ केला. डॉक्टर टॉर्च धरून वाकले आणि खालचे दात एकेक करून बघू लागले. सगळे आपापल्या जागी होते.